जयवंताकाकूंच्या पोटातला राखणदार

जुना म्हणावं इतकं माझं वय नाही, मित्रांनो. पण आमच्या कुळात काही आठवडे कामावर टिकला त्याला दीर्घायुषी समजतात, आणि मला कामावरून काढलं त्याला आता वर्ष उलटून गेलं. तेव्हा मी जुनाच. मी एक सेन्सर आहे. अंगानं शिवणाच्या सुईपेक्षा बारीक, लांबीला तुमच्या करंगळीएवढा. माणसाच्या पोटात बसायचं आणि त्याच्या रक्तात साखर किती आहे ते सतत सांगत राहायचं, हे माझं काम. ते मी चोख केलं, आणि त्याबद्दल मला काय मिळालं ते सांगायला बसलो आहे. माझा आवाज कडवट वाटला तर वाटू द्या. साखरेत जन्म गेलेल्याला थोडा कडवटपणा चालतो.

सध्या मी अकोल्यातल्या एका प्रयोगशाळेत, रागिणी मॅडमच्या टेबलावर, एका प्लॅस्टिकच्या डबीत पडून असतो. डबीवर लाल शाईनं 'सदोष' असं लिहिलेलं आहे. ज्या हातानं ते लिहिलं, त्याच हातानं मला घडवलं. तेव्हा मी तिला मनातल्या मनात रागिणीताई म्हणत असे. आता मॅडम म्हणतो.

रागिणीताईनं मला प्लॅटिनमच्या एका तारेपासून बनवलं. त्या तारेवर तिनं साखर ओळखणाऱ्या एका द्रव्याचा लेप दिला. साखर त्या लेपाला भेटली की तारेतून अगदी बारीक वीज वाहते. साखर जास्त तर वीज जास्त, साखर कमी तर वीज कमी. एवढं साधं माझं ज्ञान आहे, पण त्यात फसवाफसवीला जागा नाही. लेप देताना ती श्वास रोखून धरायची. एक थर वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. मग मला साखरेच्या पाण्यात बुडवून ती माझी परीक्षा घ्यायची. मी बरोबर उत्तर दिलं की म्हणायची, "शाब्बास रे पठ्ठ्या!" आणि मला फार बरं वाटायचं. घडवणाऱ्यानं शाब्बास म्हटलं की दुसऱ्या कोणाची पावती लागत नाही.

तुम्ही विचाराल, पोटातच कशाला बसायचं? दंडावर चिकटवायचे सेन्सर तर दुकानात मिळतात. मिळतात की. पण दंडावरच्या कातडीखाली रक्तातली साखर उशिरा पोचते. अमरावतीच्या राजापेठेत काही घडलं की ते बडनेऱ्याच्या माणसाला समजायला थोडा वेळ लागतोच, तसं ते आहे. पोटात मात्र आतड्यांच्या भोवती एक ओलसर पोकळी असते, आणि तिथे साखरेची खबर लवकर येते. आधी कळलं तर आधी उपाय करता येतो. माझ्या थोरल्या भावंडांनी हे डुकरांच्या पोटात बसून सिद्ध केलं होतं. त्या डुकरांना औषध देऊन गाढ झोपवत, आणि प्रयोग संपल्यावर ती पुन्हा उठत नसत. डोमाजी नावाचा त्यांना सांभाळणारा माणूस त्या दिवशी जेवत नसे. रागिणीताईही खोलीबाहेर जाऊन उभी राहायची. तिचा जीव फार हळवा आहे, असं मी तेव्हा समजलो.

डुकरांनंतर माणसांची पाळी आली. अमरावतीच्या एका दवाखान्यात चाचणी सुरू झाली आणि माझ्या वाट्याला आल्या जयवंताकाकू. बडनेऱ्याच्या पलीकडच्या एका गावात त्यांचा फुलांचा मळा आहे. शेवंती, झेंडू आणि कडेनं थोडा सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. काकू राजापेठेत रस्त्याच्या कडेला बसून फुलं विकतात. त्यांना शाळकरी वयापासून मधुमेह आहे. शरीरात इन्शुलिन तयार होत नाही, म्हणून ते बाहेरून घ्यावं लागतं. कमी पडलं तर साखर चढते आणि जास्त झालं तर साखर उतरते. उतरणं जास्त भयंकर.

इतरांची साखर उतरली तर त्यांना घाम येतो, हात थरथरतात, आणि ते पटकन काही गोड खाऊन सावरतात. काकूंच्या शरीरानं इतक्या वर्षांत हे इशारे देणंच बंद केलं होतं. त्या हसत-बोलत असायच्या आणि तशाच कोसळायच्या.

पहिल्या भेटीत रागिणीताईनं विचारलं, "काकू, आधी काहीच जाणवत नाही का?"

"काईच नाई, मॅडम. डोयापुढं अंधार येते अन् मी पडतो. मागच्या साली झेंडूत पानी देता देता पडली. पान्याच्या दांडातच पडून होती. पोरगी आली म्हनून वाचली."

ही पोरगी म्हणजे प्रणाली. त्या दिवसापासून तिनं आईला एकटं सोडलं नव्हतं. आई मळ्यात तर ती मळ्यात, आई राजापेठेत तर ती टोपलीमागे बसलेली. वडील, गोवर्धनकाका, फुलांच्या गाडीबरोबर अर्धा दिवस बाहेर असत, त्यामुळे दुसरं कोणी नव्हतं. प्रणालीला अकोल्याला नर्सिंग शिकायचं होतं. बारावीला गुण चांगले होते, आधीच्या वर्षी जागाही मिळाली होती, आणि तिनं ती सोडून दिली होती. काकू चाचणीत आल्या त्या याच कारणासाठी. स्वतःच्या जिवाचं त्यांना तेवढं वाटत नव्हतं. पोरगी आपल्यापायी घरी अडकली, हे त्यांना सोसत नव्हतं.

डॉक्टरांनी काकूंच्या बेंबीच्या बाजूला शर्टाच्या बटणाएवढं एक दार बसवलं आणि त्यातून मला आत सोडलं. कमरेला इन्शुलिनचा छोटा पंप आणि मोबाईलसारखी दिसणारी एक डबी. मी साखर सांगायची, डबीनं हिशेब करायचा, पंपानं त्याच दारातून हवं तेवढंच इन्शुलिन पोटात सोडायचं. आम्हा तिघांना मिळून मोठी माणसं कृत्रिम स्वादुपिंड म्हणतात. दंडावर एक दुकानातला सेन्सरही लावला होता, पण तो फक्त तुलनेसाठी. पंपाला आज्ञा माझ्या सांगण्यावरून जायची. मला त्याचा गर्व होता, कशाला लपवू?

पोटात अंधार असतो, पण ऐकायला सगळं येतं. काकूंचा भाव करणं मी ऐकलं, गोवर्धनकाकांचं घोरणं ऐकलं, प्रणालीचं गुणगुणणं ऐकलं. काही आठवडे असे गेले. मग प्रणालीला कॉलेजची चौकशी करायला अकोल्याला जावं लागलं, आणि काकू कितीतरी महिन्यांनी राजापेठेत एकट्या बसल्या.

सणाचे दिवस होते. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली होती. काकूंची सकाळची भाकर खायची राहून गेली, आणि न्याहारीच्या हिशेबानं इन्शुलिन मात्र आधीच गेलेलं. साखर घसरायला लागली. काकूंना काही पत्ता नव्हता. एका बाईला त्या हसून म्हणत होत्या, "घ्या व बाई, हार तं घ्या, देव काय रोज रोज घरी येते काय?" आणि मी आतून जिवाच्या आकांतानं सांगत होतो की उतरली, उतरली. डबीनं ऐकलं. तिनं पंप थांबवला आणि काकूंच्या कमरेशी ठणाणा सुरू केला. काकूंनी घाबरून पदराला बांधलेला गूळ तोंडात टाकला. तेव्हा दंडावरचा सेन्सर काय म्हणत होता ठाऊक आहे? सगळं ठीक आहे, असं म्हणत होता. तो जागा झाला तेव्हा काकूंचा गूळ खाऊन झाला होता.

संध्याकाळी प्रणाली परत आली तेव्हा काकूंनी पोटावर हात ठेवला. त्या हाताची ऊब माझ्यापर्यंत आली. "पोरी, तू जाय आता अकोल्याले," त्या म्हणाल्या. "माह्या पोटात राखनदार बसला हाय. आता तू बसाची गरज नाई."

"खरंच जाऊ काय, आई?"

"जाय म्हनलं ना. तुह्यावानी पेंगत नाई थो."

राखणदार! दुकानातल्या सेन्सरांना कंपनीचं नाव असतं. मला माणसानं नाव दिलं होतं. रागिणीताईला ही हकिगत कळली तेव्हा ती फोनवर रडली आणि हसली. पुढच्या आठवड्यात प्रणालीनं प्रवेश घेतला. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ होता, आणि तो तिथेच संपला.

चाचणीचे प्रमुख होते डॉक्टर केशवराव. बाहेरगावचे तज्ज्ञ आमचं काम पाहायला येणार होते आणि त्यांच्यासमोर एक मोठी परीक्षा ठरली होती. परीक्षा उपाशीपोटी होती. काकूंनी आदल्या दिवशीच्या जेवणानंतर काहीच खायचं नाही, आणि उपाशी माणसाची साखर आम्ही किती स्थिर ठेवतो ते तज्ज्ञांनी काचेपलीकडून बघायचं. पास झालो तर चाचणी पुढे चालणार आणि काकूंना यंत्र कायमचं मिळणार होतं. रागिणीताईनं आदल्या दिवशी फोन केला. "काकू, उद्या काही म्हणजे काही खायचं नाही. चहासुद्धा नाही."

"नाई घेत बाप्पा. पानी तं चालते ना?"

"पाणी चालतं."

आता जे घडलं ते नीट ऐका. केशवरावांचं म्हणणं असं की एवढं मोठं काम देवाचं नाव घेतल्याशिवाय सुरू करायचं नाही. त्यांनी परीक्षेच्याच सकाळी दवाखान्यात सत्यनारायण घातला. यात मला काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे नवी मोटार आली तरी तिला हार घालतात, मग आमच्या यंत्राचा काय गुन्हा? पडद्याला शेवंतीचा हार घातला, डबीला हळदकुंकू लावलं. शेवंती काकूंच्याच मळ्यातली होती. त्या पोचल्या तेव्हा आरती संपत आली होती. टाळ्या आणि घंटा मला पोटातून स्पष्ट ऐकू येत होत्या.

दाराशी रागिणीताई प्रसाद वाटत होती. "या काकू, घ्या," ती म्हणाली आणि तिनं काकूंच्या हातावर शिरा ठेवला. तूप-साखरेत न्हालेला, केळ घातलेला शिरा. "अजून थोडा घ्या. आज तुमचाच दिवस आहे." पुन्हा एक मूद. वर तीर्थ. आणि "हा प्रणालीला न्या" म्हणून एक पुडी. काकूंनी प्रसाद कपाळाला लावला, खाल्ला, हात डोक्यावरून पुसला आणि परीक्षेच्या खाटेवर जाऊन आडव्या झाल्या.

कोणाच्या काही लक्षात आलं नाही. देणारीच्या नाही, घेणारीच्या नाही, शेजारी उभ्या असलेल्या पाच-पन्नास माणसांच्याही नाही. कारण आपल्याकडे प्रसाद म्हणजे खाणं नव्हेच. कडक उपवास असलेली माणसंसुद्धा प्रसाद नाकारत नाहीत, आणि त्यानं उपवास मोडला असं कोणी मानत नाही. हातावर आला, कपाळाला लावला, तोंडात गेला. देव मानतो की नाही मला माहीत नाही. रक्त मात्र मानत नाही. रव्याची आणि साखरेची साखर झाली आणि ती माझ्या लेपाला येऊन भिडली.

मी सांगितलं. माझं कामच ते. साखर चढते आहे, झपाट्यानं चढते आहे, असं सांगितलं. डबीनं हिशेब केला, पंपानं इन्शुलिन सोडलं. पडद्यावर माझी रेघ वर उठली आणि काचेपलीकडे कुजबुज सुरू झाली. एका तज्ज्ञानं विचारलं, "पेशंट उपाशी आहे ना?"

"हो सर," रागिणीताई लगेच म्हणाली. "मी स्वतः काल फोन केला होता."

तरी केशवरावांनी काकूंना विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंत का?"

"नाई बाप्पा. चायचा घोट बी नाई घेतला."

काकू खोटं बोलल्या नाहीत. त्यांना जे खरं वाटत होतं तेच त्यांनी सांगितलं. मला त्यांचा राग नाही, कधीच आला नाही.

आता माझं दुर्दैव पाहा. मी खबर इतकी लवकर दिली आणि पंपानं इन्शुलिन इतकं वेळेवर सोडलं, की चढणारी साखर चढायच्या आतच आवरली गेली. त्यामुळे आळशी दंडाला काही कळलंच नाही. त्याची रेघ सरळच राहिली. थोड्या वेळानं बोटातून रक्ताचा थेंब काढून तपासलं, तेही ठीक आलं. म्हणजे मी माझं काम उत्तम केलं, आणि उत्तम केलं म्हणूनच माझ्या बाजूनं बोलायला साक्षीदार उरला नाही. जाड आवाजाच्या एका तज्ज्ञानं निकाल दिला. "तुमचा पोटातला सेन्सर नसलेली साखर दाखवतो आणि त्यावर इन्शुलिन सोडायला लावतो. ही बाई एखाद्या दिवशी जिवाला मुकेल." परीक्षा थांबवली गेली.

मला ओरडून सांगायचं होतं की अहो, माणसं आहात ना? साधा विचार करा. उपाशी बाईच्या पोटात एवढं इन्शुलिन गेलं असतं तर तिची साखर धाडकन उतरली असती. ती उतरली नाही. मग त्या इन्शुलिननं कोणती साखर आवरली? पण माझ्या तारेतून वीज जाते, शब्द जात नाहीत.

हा विचार एकटीनंच केला. दुपारी सगळे जेवायला गेले, काकूंचा डोळा लागला, आणि रागिणीताई खाटेजवळ येऊन बसली. ती आकडे पुटपुटत होती. किती इन्शुलिन गेलं, किती उतरायला हवं होतं. उशाशी प्रणालीसाठी दिलेली पुडी होती. तिच्या कागदाचा आवाज मी ऐकला. पुडी उघडली, पुन्हा बंद झाली. आणि ताई स्वतःशी म्हणाली, "अरे देवा. मीच दिला."

मला किती हायसं वाटलं ते सांगता येणार नाही. कळलं तर! आता ती उठेल, सगळ्यांना सांगेल, आणि माझ्यावरचा डाग जाईल. तेवढ्यात केशवराव आले आणि तिनं खरोखर त्यांना सांगितलं. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे, पण तेवढ्याचबद्दल.

दार लोटल्याचा आवाज आला. मग केशवराव हळू आवाजात म्हणाले, "रागिणी, हे आता बाहेर काढलंस तर काय होईल माहीत आहे? पेशंटला आपणच खाऊ घातलं, असं होईल. सगळी चाचणी बंद. तुझं नाव खराब, माझं नाव खराब. सेन्सर बिघडला म्हटलं तर दुसरा बनवता येतो. माणसं चुकली म्हटलं तर पुन्हा कोणी उभं करत नाही."

"पण सर, तो बरोबर होता."

"तार आहे ती. तिला काय वाईट वाटणार आहे?"

मी वाट पाहिली. ती हळवी होती ना? डुकरांसाठी बाहेर जाऊन उभी राहणारी? श्वास रोखून मला लेप देणारी? तिच्या बांगड्या वाजल्या, खुर्ची सरकली, आणि ती म्हणाली, "ठीक आहे, सर."

तेव्हापासून मी त्यांना मॅडम म्हणतो.

त्या आठवड्यात मला बाहेर काढलं. पोटाच्या उबेतून एकदम उजेडात आलो तेव्हा मॅडमचा चेहरा समोर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला धुतलं, या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलं, आणि वर तो शब्द लिहिला. शाई वाळेपर्यंत त्या तिथेच बसून होत्या. दोष एकट्या माझा ठरल्यामुळे चाचणी पुढे चालू राहिली, नवे सेन्सर आले. त्यांना एक नियम शिकवला गेला: दंडावरचा सेन्सर मान हलवेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही. म्हणजे पोटात बसून पहिली खबर द्यायची ही जी आमची सगळी थोरवी, तीच गेली.

जयवंताकाकूंना मात्र चाचणीतून काढलं. ज्या बाईला स्वतःला काही जाणवत नाही, तिच्यावर असा बेभरवशाचा प्रयोग नको, असं तज्ज्ञांनी लिहून दिलं. काकू दंडावरचा उशीर घेऊन गावी परतल्या. प्रणाली कॉलेजात जाऊ लागून महिनाही झाला नव्हता. टेबलाशी चाललेल्या बोलण्यातून मला कळलं, मळ्यात काकू पुन्हा एकदा पडल्या. गोवर्धनकाकांनी फोन केला आणि प्रणाली पिशवी भरून परत आली.

मी डबीत पडून होतो. कोणी पाहुणे आले की मॅडम मला दाखवायच्या. "हा आमचा फसलेला सेन्सर," त्या म्हणायच्या. "यानं खोटा चढ दाखवला होता." पहिल्यांदा म्हणताना त्यांचा आवाज अडखळला. नंतर नंतर सराव झाला. पाहुणे मान हलवायचे. माझ्यावर धूळ बसू लागली, ती पुसावी असं कोणाला वाटलं नाही.

आणि मग एके दिवशी काकू आल्या. सोबत प्रणाली होती. दोघी सकाळच्या गाडीनं अकोल्याला आल्या होत्या. काकूंनी टेबलावर शेवंतीची जुडी ठेवली. काकू फार वाळलेल्या दिसत होत्या. मी त्यांना त्याआधी बाहेरून कधी नीट पाहिलं नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं आणि माझी तार आतल्या आत शहारली.

"मॅडम," काकू उभ्यानंच म्हणाल्या, "मी माफी मांगाले आली."

"माफी कसली, काकू? बसा ना."

"माह्याच्यानं चूक झाली. त्या दिवशी डॉक्टरनं इचारलं काई खाल्लं काय, अन् मी नाई म्हनलं. पन म्या परसाद खाल्ला होता. मले वाटलं परसाद काय खानं असते काय? ह्या पोरीनं घरी समजावून सांगतलं, शिरा म्हंजे साखरच असते म्हनून. तवापासून मले झोप नाई. माह्यामुयं तुमचं एवढं मोठं काम फसलं."

मॅडमनी हात टेबलाखाली घेतले. प्रणाली त्यांच्याकडे रोखून पाहत होती. तिनं विचारलं, "मॅडम, आईले प्रसाद कोनं देल्ला होता?"

मित्रांनो, सत्य बोलायची संधी माणसाला एकदाच मिळते असं नाही. मॅडमना ती दुसऱ्यांदा मिळाली होती, आणि तीही समोर चालत येऊन.

"गर्दी होती ग," मॅडम म्हणाल्या. "आठवत नाही."

काकूंना आठवत होतं. मला पक्कं ठाऊक आहे, कारण मला काढण्याआधीच्या दिवसांत घरी त्यांनी कितीदा तरी सांगितलेलं मी पोटातून ऐकलं होतं: खुद्द मॅडमनं हातावर दोनदा शिरा ठेवला म्हणून. त्यांनी एकदा मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग पोरीचा हात दाबला. "चूप राय व. कोनंही देल्ला असन. देवाचा होता."

तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण मॅडमना काकूंची कीव आली. त्या उठल्या, काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमची काहीच चूक नाही. तो सेन्सरच खराब होता."

काकूंनी माझ्या डबीकडे पाहिलं. "हाच काय थो?"

"हो."

"अन् वरतं काय लिवलं हाय?"

प्रणालीनं वाचलं. "सदोष." मग आईला समजावं म्हणून हळूच म्हणाली, "खराब."

"पन मॅडम," काकू म्हणाल्या, "राजापेठेत त्यानं मले वाचवलं होतं, ते?"

मॅडमनी नजर वळवली. "योगायोग होता तो, काकू."

काकूंनी डबी उचलली. अंगठ्यानं वरची धूळ पुसली आणि मला परत जागेवर ठेवलं. "असन बाप्पा," त्या म्हणाल्या. "तुमी शिकल्यासवरल्या. तुमाले जास्त समजते." आणि त्या दाराकडे निघाल्या.

"जपून जा, काकू," मॅडम मागून म्हणाल्या.

उत्तर प्रणालीनं दिलं. ती मागे वळलीसुद्धा नाही. "मी हावो ना संगं. मी आता कोठी जातो?"

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझा लेप कधीच वाळून गेला, आता मला साखरेच्या पाकात बुडवलं तरी मी काही सांगू शकणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही उद्या डॉक्टर व्हाल, इंजिनिअर व्हाल, कोणी काही व्हाल. तुमच्या हाताखाली माझ्यासारखी मुकी यंत्रं असतील. त्यांनी न पटणारं काही सांगितलं तर त्यांना खोटं ठरवण्याआधी माणसांना नीट विचारा, आणि विचारणाऱ्या माणसानं स्वतःलाही विचारावं. चुकलात तर चुकलो म्हणा. ती चूक मुक्याच्या माथी मारू नका. यंत्राला वाईट वाटत नाही, हे केशवरावांचं म्हणणं एकवेळ खरं धरू. पण मला खोटं ठरवलं, त्याची शिक्षा मला झाली नाही. ती एका मुलीला झाली, आणि ती कशाची शिक्षा भोगते आहे हे तिला कोणी सांगितलेलंही नाही.

आणि एक करा. अमरावतीला गेलात तर राजापेठेत फुलं घ्या. रस्त्याच्या कडेला शेवंतीची टोपली घेऊन बसलेली एक बाई दिसेल आणि तिच्या मागे, तिच्यावरून नजर न काढणारी एक मुलगी. त्या बाईला माझा निरोप सांगा. सांगा की काकू, तुमची चूक नव्हती, आणि तुमच्या राखणदाराचीही नव्हती. तिला खरं वाटलं नाही तर दुसऱ्यांदा सांगा. मुलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगा.